हॅम्बुर्गहून एका दिवसासाठी ल्युबेकला गेलो तर काय चुकवू नये?

होल्स्टेनटोर, सेंट मेरी चर्च आणि हान्सा म्युझियम, एवढं तरी बघाच. हॅम्बुर्गला राहत असल्याने पाहुणे आले की मी त्यांना इथेच नेते. स्टेशनवरून चालत होल्स्टेनटोर लागतं. १४७८ मध्ये पूर्ण झालेल्या या वेशीचा दक्षिणेकडचा बुरूज दलदलीच्या जमिनीत खचून चक्क कललाय. खरा वेळ मात्र चर्चला द्या. १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात मनोऱ्यातून कोसळलेल्या घंटा, फुटलेल्या अवस्थेत, पडल्या तिथेच ठेवल्या आहेत. म्युझियममध्ये हान्सा व्यापारी संघाचा इतिहास कळतो. मार्झिपान, म्हणजे बदामाची मिठाई, चाखून बघा (मला फार गोड लागते). फक्त एक, ल्युबेक बंदर म्हटलं तरी समुद्र शहरात नाही. किनारा हवाच असेल तर त्राव्हेम्युंडेची गाडी पकडावी लागते, मग म्युझियम सोडा.