उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ५८ किलो असेल, तर ते योग्य आहे का? अंगातील चरबी गावात कशी मोजावी?

५८ ला मीटरमधील उंचीच्या, म्हणजे १.६० च्या वर्गाने (२.५६ ने) भागल्यास आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, सुमारे २२.७ येतो, भारतीय प्रौढांसाठी १८.५ ते २२.९ हा निरोगी टप्पा मानला जात असल्याने वजन योग्य आहे. मात्र हा आकडा चरबी आणि स्नायू यांत भेद करत नाही, आणि हातपाय काटकुळे पण पोट सुटलेले, अशी माणसे आपल्या विदर्भातील खेड्यांतही दिसतात. म्हणून कमरेचा घेर मोजाच. त्यासाठी शिंप्याचा टेप पुरेसा आहे: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, लुगड्याच्या वा धोतराच्या गाठीवरून नव्हे तर उघड्या त्वचेवर, श्वास सहज सोडल्यावर आणि पोट आत न ओढता माप घ्यावे. स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेल्यास, बीएमआय ठीक असला तरी, रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

चरबीची टक्केवारी दाखवणाऱ्या वजनकाट्यावर मी फारसा विसंबत नाही. तो सौम्य वीजप्रवाह सोडून शरीरातील पाण्याच्या अंदाजावरून हिशेब करतो, त्यामुळे मे महिन्यात वखरणी करून घामाघूम झालेल्या माणसाची चरबी तो भलतीच दाखवू शकतो. गरोदर स्त्रिया आणि मुले यांना वरील निकष लावू नयेत.