तांबी बसवताना खूप दुखतं का? त्यासाठी भूल मागता येते का?

दुखतं. किती, ते बाईगणिक वेगळं. कुणाला पाळीच्या कळेइतकं, कुणाला डोळ्यांपुढे काजवे चमकतील इतकं. पण भूल मागायची की नाही हे अनोळखी लोकांना विचारायची वेळ यावी, याचाच मला राग येतो, म्हणून लिहितेय.

माझी दोन्ही मुलं सिझेरियनची, तीही कळा सुरू व्हायच्या आधीच तारीख ठरवून. धाकटा वर्षाचा झाल्यावर तांबी बसवायला गेले. सोबत नणंद, कारण त्या स्वतः सिस्टर, सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेलेली. मला टेबलावर घेतलं, पण आता काय करणार ते कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. चिमट्याने गर्भाशयाचं तोंड पकडलं तशी मी कमरेतून उसळले. "अंग सैल सोडा हो, दोन पोरं झालीत ना?" ही तिथली धीर द्यायची पद्धत. गर्भाशयाची खोली मोजायची सळई आत गेली तेव्हा दरदरून घाम फुटला, कानात शिट्टी वाजायला लागली. उलटी येतेय म्हणेपर्यंत काम उरकलंही होतं. बाहेर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "पाच मिनिटांचं काम, केवढा तमाशा!" सणासुदीला सगळे जमले की हा किस्सा अजून निघतो.

३८० ए प्रकारच्या तांबीची मुदत दहा वर्षांची. बदलायची वेळ आली तेव्हा मी दुसऱ्या डॉक्टर शोधल्या. त्यांनी आधी बाळंतपणांचं विचारलं. कळाच आलेल्या नाहीत म्हणजे तोंड कधी उघडलेलंच नाही, दुखणारच, म्हणाल्या. तिथे झायलोकेनचं, म्हणजे तेवढीच जागा बधिर करायचं, इंजेक्शन दिलं, टोचताना मला खोकायला लावलं, मग काही मिनिटं चक्क थांबल्या. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होत्या. "थांबा म्हणालात की थांबेन," हेही. सिस्टर डोक्याशी उभ्या राहून मुलांच्या शाळेचं विचारत होत्या. टोचलेलं कळलं, सळईही कळली, पण सोसवेल इतपतच.

वन्संचं म्हणणं, इंजेक्शनच दुखतं, मग उपयोग काय? दुखतं, हे खरं. पण पुरुषांची बिनटाक्याची नसबंदीही थोड्या मिनिटांचीच ना? तिथे जागा बधिर केल्याशिवाय कोणी हात लावतं का? अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, २०२४ मध्ये सूचना सुधारल्या, त्यात तांबी बसवताना लिडोकेनचा (आपल्याकडचं लिग्नोकेन, म्हणजे तेच झायलोकेन) दुखणं कमी करायला उपयोग होऊ शकतो, असं आहे. वेदनेबद्दल बाईशी आधी बोलून घ्या, असंही. गर्भाशयाचं तोंड मऊ करायच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या मात्र सरसकट देऊ नका म्हणतात. हे मी वन्संना पाठवलं. उत्तर आलं, "तिकडच्या बायका नाजूक." यावर काय बोलणार!

तर भूल मागता येते, आणि अपॉइंटमेंट घेतानाच मागा, टेबलावर चढल्यावर नाही. "काही नाही हो, कळणारसुद्धा नाही" असं जिथे म्हणतील तिथून सरळ उठा. आधी घेतलेल्या आयब्रुफेनने बसवतानाच्या कळेला फारसा फरक पडत नाही, नंतरच्या मुरड्याला पडतो. झाल्यावर झटकन उठू नका, चक्कर येते. आणि सोबत न्यायचंच तर हात धरणारं माणूस न्या, हिशेब ठेवणारं नको.

ॲसिडिटी असेल तर आयब्रुफेन उपाशीपोटी नको. भुलेच्या इंजेक्शनची पूर्वी कधी ॲलर्जी आली असेल तर आधीच सांगा. नंतर ताप आला किंवा घाण वासाचं पांढरं जायला लागलं तर लगेच दाखवा. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवतात ते प्रकरण वेगळं, तेव्हा तोंड उघडलेलंच असतं. आणि माझं वाचून तांबीच नको असं ठरवू नका. माझ्या जावेची दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. ती तांबी बसवून तिथूनच परस्पर भाजी घ्यायला गेली होती. वन्सं हे दर वेळी सांगतातच, म्हणून मीच सांगून टाकते.