एकाच स्ट्रेनमध्ये कातडी गळते? आधी पुरवठ्याची पावती काढा

बाल्ब-सी या स्ट्रेनच्या, म्हणजे वाणाच्या, पांढऱ्या उंदराची कातडी दुसऱ्या बाल्ब-सीलाच लावली तरी बाराव्या दिवशी काळी पडून गळते आणि गाइड म्हणतात तुझा हात खराब, हे तुमचं वाचलं आणि यवतमाळकडचे माझे असेच गेलेले आठ महिने आठवले. टाके, पट्टी वगैरे बाकीच्यांनी सांगितलंच आहे.

मी आधी दोष दिला कूलरला. नवतप्यात दुपारभर भारनियमन, उंदीर पिंजऱ्यात पोट टेकून पसरलेले. मग जंतुसंसर्ग समजून सगळं पुन्हा ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलं. पण उंदराची स्वतःचीच कातडी त्याला परत लावली की मस्त धरायची, वर पांढरी लवही यायची. हात खराब असता तर तीही गेली असती ना? शेवटी ज्या दुसऱ्या उंदराची कातडी गळली होती, त्याच दात्याची कातडी त्याच उंदराला दुसऱ्यांदा लावली. सहाव्या दिवशीच काळी! जंतुसंसर्ग असा हिशेबाने येत नाही. पहिल्या खेपेला ओळख पटलेल्या टी पेशीच (परक्यावर हल्ला करणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी) इतक्या लवकर तुटून पडतात.

मग पावती वाचली : ‘पांढरे उंदीर, नग ४०’. स्ट्रेनचा पत्ताच नाही. पिंजऱ्यावरची ‘बाल्ब-सी’ची चिठ्ठी आमच्याच स्टोअरवाल्याने चिकटवलेली. पुरवठादाराला फोन केला तर म्हणे, ‘पांढरे मांगतले, पांढरे देल्ले. स्विस पांढरेच राह्यते ना भाऊ!’ दिसायला स्विस आणि बाल्ब-सी दोन्ही सारखेच, लाल डोळ्यांचे. पण बाल्ब-सी निदान २० पिढ्या भावाबहिणींत जुळवून एकसारखे केलेले, सगळ्यांचं एच-२ (पेशीवरची आपलं-परकं ठरवणारी खूण) ‘डी’ प्रकारचं. स्विसमध्ये सरमिसळ, प्रत्येकाचं वेगळं निघू शकतं. वर मंजूर उंदरांचा आकडा संपला, म्हणून एथिक्स कमिटीकडे पुन्हा परवानगीचा फॉर्म-बी.

मी फार्मसीवाला, इम्युनॉलॉजीचा पंडित नाही, चुकलो तर सांगा. पण माझं ठाम मत आहे, की नवी खेप आली की चार-सहा उंदरांची कातडी आपसांत बदलून दोन महिने बघायची. हे उंदीरही परवानगीत धरायचे. घाई असेल तर दोघांच्या प्लीहेतल्या पेशी मिसळा. एकाच्या पेशींचं विभाजन मायटोमायसिन-सी या औषधाने आधी थांबवा. चार-पाच दिवसांत दुसऱ्याच्या पेशी जोरात वाढल्या, तर स्ट्रेन एक नाही.

आणि तुम्ही पुढे ब्लॅक-६ स्ट्रेनचे काळे उंदीर आणणार म्हणता, तर एक बघा. त्यांच्या मादीला त्याच स्ट्रेनच्या नराची कातडीसुद्धा चालत नाही, वाय गुणसूत्रावरच्या प्रतिजनामुळे (शरीराला परका वाटणारा घटक). आयशवाल्ड आणि सिल्मसर यांनी हे १९५५ मध्येच लिहून ठेवलंय. तुमचे दाते नर होते की मादी, तेवढं कळवा.