जुन्या डिझेल पिकअपमध्ये बाहेरचे गेज कुठे बसवावेत, पिलरवर की डॅशवर? आणि करंट कुठून घ्यावा?

तुमची गाडी जुनी टर्बो डिझेल, इंधनाच्या मेकॅनिकल पंपाची. बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब), ऑइल प्रेशर आणि एक्झॉस्टचं तापमान असे तीन गेज तुम्ही आणलेत. प्रश्न पिलर (समोरच्या काचेच्या कडेचा खांब), डॅश आणि करंटचा आहे, पण जाता जाता तुम्ही एक वाक्य टाकलंय: ‘तापमानाचा प्रोब टर्बोच्या पुढे सायलेन्सरच्या पाइपात घालणार आहे, मॅनिफोल्डला भोक पाडायची भीती वाटते.’ मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातून निघालेला गॅस टर्बोपर्यंत नेणारं बिडाचं घर. पिलर राहू दे बाजूला. आधी ते पाइपाचं डोक्यातून काढा.

हेच वाक्य मी माझ्या मेहुण्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर पाठ आहे. त्याचं म्हणणं असं की प्रोबचं टोक कधी तुटलं तर ते थेट टर्बाइनच्या पात्यांत जाईल, म्हणून प्रोब टर्बोमधून गॅस बाहेर पडतो तिकडे लावावा आणि काटा दाखवेल त्यात शंभर अंश मिळवावेत. “दाजी, शंभर मिळवले की झालं, कशाला बिडाला हात लावायचा?” प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला हेच. गाडी त्याचीही जुनी डिझेल, पंपाचा स्क्रू फिरवून ताकद वाढवलेली. म्हणजे प्रोबची खरी गरज ज्याला, तोच हे सांगणार.

शेवटी मी एकाच बनावटीचे दोन गेज आणि दोन प्रोब घेतले. एक मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या तोंडाशी. दुसरा टर्बोनंतरच्या पाइपात. मागे ट्रेलर, ट्रेलरवर पूर्ण माल आणि समोर लांबलचक चढ. त्याला बाजूला बसवून हातात वही दिली. गाडी नुसती चालू ठेवली तेव्हा दोन्ही काट्यांत वीसेक अंशांचा फरक होता. सपाट रस्त्यावर तो साठ-सत्तरवर गेला. चढाच्या मध्यावर रेस पूर्ण दाबलेली असताना आतला काटा ६९० वर आणि बाहेरचा आरामात ५१० वर! साहेब म्हणाले, गेजच खोटा असेल. थांबून गाडी गार होऊ दिली, गेजची अदलाबदल केली, पुन्हा चढलो. फरक जागच्या जागी. त्यावर त्याने काय म्हणावं? “बरं, मग दोनशे मिळवायचे.”

अरे, ठरलेला आकडा मिळवता येतच नाही, हेच तर मी सांगत होतो. टर्बाइन गरम गॅसमधूनच शक्ती काढून घेते आणि तीच शक्ती पलीकडच्या बाजूला हवा दाबायला वापरते. शक्ती गेली की गॅस थंड होतो. टर्बो जितका जास्त राबतो तितका फरक वाढतो. म्हणजे जिथे पिस्टन जळायची वेळ येते नेमका तिथेच बाहेरचा काटा सर्वांत जास्त खोटं बोलतो. शिवाय मधे टर्बोचं जाडजूड बिडाचं घर आहे. ते तापायला वेळ घेतं, त्यामुळे बाहेरचा काटा उशिराही हलतो.

मर्यादेचं बोलायचं तर मॅनिफोल्डमधलं तापमान सतत ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहू देऊ नये. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं, मग ७०० अंशांच्या गॅसमध्ये पिस्टन टिकतो कसा, हाही मेहुण्याचाच आवडता प्रश्न. पिस्टनला तो गॅस सलग लागत नाही. दर फेरीला मधे थंड हवा येते, आणि उष्णता रिंगांतून सिलिंडरच्या भिंतीत आणि खालून तेलात जात राहते. काटा वर सरकायला लागला की रेस थोडी सोडा किंवा खालचा गिअर टाका. पेट्रोल गाडीवर शिकलेल्यांना हे उलटं वाटतं. पेट्रोलमध्ये इंधन कमी पडलं की इंजिन तापतं, डिझेलमध्ये हवेच्या मानाने इंधन जास्त झालं की तापतं. खालच्या गिअरमध्ये फेरे वाढतात, हवा जास्त येते, प्रत्येक स्ट्रोकला इंधन कमी लागतं आणि काटा उतरतो. तुमच्या पंपाला इंधन आवरणारा कॉम्प्युटर नाही. आवरायचं ते तुमच्या पायाने, काटा बघून.

आता भोकाची भीती. ती योग्य आहे, पण चुकीच्या गोष्टीची आहे. चांगल्या प्रोबचं टोक सहसा तुटत नाही. टर्बो मरतो तो भोक पाडताना आत पडलेल्या बिडाच्या किसाने. लोक इंजिन चालू ठेवून भोक पाडतात, म्हणजे शेवटचा पापुद्रा फुटताना गॅसच कीस बाहेर फेकतो. होतं तसं, पण मला पटत नाही. गरम कीस डोळ्यांकडे येतो, आणि आटे पाडताना पडणारा चुरा उरतोच. मी टर्बो सोडवला, भोक पाडलं, ड्रिलला आणि टॅपला ग्रीस फासलं, आतून चुंबक फिरवला आणि मग फुंकून साफ केलं. एक अष्टमांश इंची पाइपाचे आटे असतील तर ड्रिल साडेआठ मिलिमीटरच्या आसपास लागतं. ते आटे निमुळते असतात, टॅप पूर्ण आत घुसवलात तर फिटिंग कधीच घट्ट बसणार नाही. काही मॅनिफोल्ड आतून दोन कप्प्यांचे असतात, मधल्या पडद्यावर ड्रिल नेऊ नका. टोक गॅसच्या प्रवाहाच्या मधोमध आलं पाहिजे.

प्रोबची वायर ही साधी वायर नव्हे. दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा, अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट, एवढ्यावर सगळा हिशेब. लांबी कमी पडली म्हणून मधे तांब्याची वायर जोडली की त्या जोडाचं तापमान मोजणीत घुसतं. त्याच जातीची वायर आणा. या प्रोबच्या जातीला के टाइप म्हणतात. अमेरिकन पद्धतीच्या के टाइप वायरमध्ये लाल तार निगेटिव्ह असते, पिवळी पॉझिटिव्ह. उलट जोडलीत तर इंजिन तापेल तसा काटा खाली जाईल. ज्या गेजला वेगळा करंट लागत नाही त्याच्या वायरीची लांबी ठरवूनच काटा जुळवलेला असतो, ती जास्तीची वायर कापू नका, वेटोळं करून बांधा.

गाडीचा मूळ काटा पुरेसा आहे, असं सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. कित्येक गाड्यांत पाण्याच्या तापमानाचा काटा मुद्दाम मधेच थांबेल असा केलेला असतो, म्हणजे गिऱ्हाईक घाबरत नाही. फोर्डच्या पिकअपमध्ये तर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ऑइल प्रेशरच्या काट्यामागे निव्वळ स्विच होता. सहा-सात पीएसआय दाब आला की काटा मध्यावर, नाही आला की शून्यावर, अधलंमधलं काही नाही.

ऑइल प्रेशरसाठी इलेक्ट्रिक गेजच घ्या. मेकॅनिकल गेज अचूक असतो, मान्य. १८४९ साली युजीन बूर्दोंने पेटंट घेतलेली ती वाकडी नळी आजही तशीच चालते. पण मेकॅनिकल म्हणजे गरम तेलाची बारीक नळी थेट केबिनमध्ये, तुमच्या गुडघ्यांच्या वर. तांब्याची असेल तर डिझेलच्या थरथरीने कडक होऊन चिरते, नायलॉनची असेल तर मॅनिफोल्डला टेकून वितळते. बूस्टला मात्र मेकॅनिकल बिनधास्त लावा, नळीत नुसती हवा असते. त्या नळीचा टी-जोड पंपाच्या बूस्ट लाइनवर मारू नका. तिथे जोड गळला तर पंपाला बूस्ट कमी कळतो आणि गाडी ओढत नाही. इनटेक मॅनिफोल्डला वेगळी जागा शोधा.

ऑइलचा सेंडर, म्हणजे तेलाचा दाब मोजून गेजला कळवणारा भाग, जड असतो. तो पितळी निपलवर इंजिनाला लटकवला तर थरथरीने निपल मोडतं आणि तेल रस्त्यावर येतं. छोटा होज घालून सेंडर बॉडीला बसवा आणि त्याला वेगळी अर्थ वायर द्या. सेंडर आणि गेज एकाच संचातले हवेत. व्हीडीओ कंपनीचे बरेच सेंडर १० ते १८० ओहमचे असतात, अमेरिकन बहुधा २४० ते ३३ ओहमचे. सरमिसळ केलीत तर काटा हलेल, पण आकड्याला अर्थ राहणार नाही.

करंट. चावी फिरवल्यावर चालू होणारी लाइन फ्यूज बॉक्समधून घ्या, गेजसाठी वेगळा छोटा फ्यूज, तीन अँपिअर पुरे. पंपाच्या शटऑफ सोलेनॉइडची (वीज गेली की डिझेल तोडणारा भाग) वायर हाताशी दिसते म्हणून तिला हात लावू नका. माझ्या गाडीला एका वायरमनने नेमकं तेच केलं होतं. गेजची वायर कुठेतरी घासली, फ्यूज उडाला, सोलेनॉइड बंद, आणि धावतं इंजिन विझलं. जुन्या डिझेलला चालायला एवढीच वीज लागते, तीच त्याने गेजच्या वाटेला लावली. तिन्ही गेजची अर्थ एकत्र करून बॉडीला एकाच स्वच्छ खरवडलेल्या जागी द्या. हेडलाइट लावल्यावर काटे हलले तर दोष तिथेच असतो.

हे सगळं बारा व्होल्टच्या गाडीसाठी. तुमची चोवीसची असेल तर गेजच्या पाठीवर काय लिहिलंय ते आधी वाचा. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या इंजिनला टर्बो नसेल तर त्याने वरचा निम्मा मजकूर सोडून द्यावा. आणि गाडी बंद करताना टर्बो पुरेसा निवला का, हे बाहेरच्या प्रोबवरूनही नीट कळतं. एवढं मी मेहुण्याला दिलंय. चढावरचं नाही दिलं, देणारही नाही.

पिलर की डॅश म्हणाल, तर पिलर. नजर रस्त्यावरून फार हलत नाही. पिलरमध्ये एअरबॅग असलेली गाडी असती तर नको म्हटलं असतं. तापमानाचा गेज सर्वांत वर, मधे ऑइल, खाली बूस्ट. गेजच्या दिव्यांची वायर डॅशच्या लाइटवर घ्या, नाहीतर रात्री काचेत तीन चंद्र दिसतील.