स्पेनमधल्या सेव्हिलला जातोय. तिथल्या साध्या तापास (छोट्या बशीतले पदार्थ) बारमध्ये शाकाहारी माणसाने काय मागवावं?

उपाशी नक्की राहणार नाही. पहिल्यांदा ‘एस्पिनाकास कॉन गार्बान्सोस’ मागवा, ही सेव्हिलची खासियत. पालक, काबुली चणे, जिरं, लसूण, पाप्रिका आणि दाटपणासाठी तळून वाटलेला पाव. आपल्या पालकाच्या पातळभाजीची चुलत बहीणच, फक्त चिंच-गूळ नाही. शेवटी वाटी पावाने पुसून खायची; कोणी काही म्हणत नाही.

मग ‘पिमिएन्तोस दे पाद्रोन’. छोट्या हिरव्या मिरच्या तेलात परतून वर जाडं मीठ. बहुतेक गोडसर निघतात, एखादी मात्र ठसका लावते. ‘पातातास ब्रावास’ म्हणजे सॉस घातलेले तळलेले बटाटे; तो सॉस तिखट म्हणतात, आपल्या जिभेला कळेल की नाही शंकाच आहे. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, कुठेही मिळतं.

सांभाळून राहायचं ते साल्मोरेखोपासून. टोमॅटोचं दाट, गार सूप दिसतं निरागस, पण वर उकडलेलं अंडं आणि हॅमचे तुकडे भुरभुरवलेले असतात. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, ‘सिन हामोन’ (हॅमशिवाय) असं स्पष्ट सांगा. क्रोकेतास म्हणजे तळलेल्या क्रोकेट्समध्येही बऱ्याचदा हॅम किंवा मासे असतात.

तापा म्हणजे छोटी बशी, रासिओन म्हणजे भरलेली प्लेट. दोन-दोन बश्या मागवत जा. पुढे ग्रानादाला गेलात तर तिथे पेयाबरोबर तापा फुकट येते, पण ती बारवाला ठरवतो. त्यामुळे पेय मागतानाच शाकाहारी असल्याचं सांगून टाका.