स्क्रीन काळी, पंखा मात्र गरगरतोय

प्रश्न : आमच्याकडे असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर आहे, विंडोज 10चा. गेले काही महिने शटडाऊन केलं की स्क्रीन काळी होते, पण डब्याचा पंखा आणि पुढचा दिवा चालूच राहतो. जेवणं उरकून येऊन पाहिलं तरी चालूच. शेवटी आमचे 'हे' भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करतात. रीस्टार्ट मात्र झकास होतो. हल्ली सकाळी घड्याळही चुकलेलं असतं. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारू, नाही गेलं तर एसएमपीएस (डब्यातला वीज पुरवणारा भाग) बदलू. काय करावं?
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : ताई, आधी फॉरमॅटला नाही म्हणा. माझ्या कोल्हापूरच्या दुकानात अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न एकच विचारतो : बंद होताना नक्की कुठे अडतो? 'शटिंग डाऊन' लिहिलेलं चक्र फिरतच राहिलं, तर एखादा प्रोग्राम किंवा पडद्याआड चालणारी विंडोजची सेवा सुटत नाहीये. बंद होऊन लगेच आपोआप सुरू झाला, तर रोग वेगळा. तुमच्याकडे स्क्रीन काळी होते, म्हणजे विंडोजने आवराआवर जवळजवळ उरकलेली आहे. 'आता वीज तोड' हा शेवटचा हुकूम तेवढा पोचत नाही.

हा हुकूम जातो कसा, ते थोडक्यात सांगतो. विंडोज 95च्या जमान्यात घरोघरच्या डब्यांना खराखुरा खटका असायचा. शटडाऊन झालं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत 'आता बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य यायचं आणि खटका आपणच खाली करायचो. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स रचना आणली आणि ते काम मदरबोर्डाकडे, म्हणजे डब्यातल्या मुख्य सर्किट बोर्डाकडे गेलं. डबा उघडलात तर बोर्डाला जाणाऱ्या जाड जुडग्यात एकच हिरवी वायर दिसेल. मदरबोर्डाने तिच्यावरचा व्होल्टेज शून्याजवळ ओढून धरला की एसएमपीएस चालू, सोडली की बंद. म्हणजे पुढचं पॉवर बटण नुसती विनंती करतं. चार-पाच सेकंद दाबून धरलं तरच ती जबरदस्ती ठरते.

तुमच्या मदरबोर्डाकडून ती वायर सुटत नाहीये. का, हे शोधायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. कीबोर्डावरचं शिफ्ट दाबून धरा आणि ते न सोडता स्टार्टमधून शटडाऊनवर क्लिक करा. पंखा थांबला? मग एसएमपीएस निर्दोष, बोर्डही निर्दोष. दोषी आहे 'फास्ट स्टार्टअप'.

2012 साली विंडोज 8 आलं तेव्हापासून साधं शटडाऊन हे पूर्ण शटडाऊन राहिलेलं नाही. तुमचे प्रोग्राम बंद होतात, तुम्ही लॉग ऑफ होता, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (मशीनचे वेगवेगळे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) आहेत तसे डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवले जातात. रात्री कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवावी, तसं. सकाळी सुरुवात तिथून होते, म्हणून मशीन लवकर उठतं. या निजानीज करण्याच्या वेळी एखादा ड्रायव्हर नीट वागला नाही की गाडी तिथेच अडते. रीस्टार्टमध्ये हा प्रकारच नसतो, सगळं मुळापासून नव्याने सुरू होतं. म्हणून तुमचा रीस्टार्ट झकास आहे. मात्र रीस्टार्टमध्ये एसएमपीएस बंदही होत नाही, त्यामुळे 'रीस्टार्ट होतोय म्हणजे एसएमपीएस चांगला' असा निष्कर्ष कुणी काढला तर तो चूक. ती खात्री शिफ्टवाल्या परीक्षेनेच होते.

शिफ्टने काम झालं, तर कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' आहे, तिथे जा. खालची खूण फिकट दिसेल, कारण आधी वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबावी लागते. मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा आणि सेव्ह करा. शेजारी 'रेकमेंडेड' लिहिलेलं बघून लोक घाबरतात. घाबरू नका. मशीनमध्ये एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) असेल तर सुरू व्हायला लागणारा जास्तीचा वेळ जाणवणारही नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर जाणवेल, तोवर चहा टाका. विंडोजचा मोठा अपडेट आला की खूण परत आली नाही ना, एवढं बघत जा.

शिफ्ट दाबूनही पंखा थांबला नाही तर? प्रिंटर, वेबकॅम, पेनड्राइव्ह, अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, जे जे यूएसबीला लटकलंय ते काढा आणि पुन्हा करून पाहा. फरक पडला तर एकेक परत लावत जा, चोर सापडतो. तेवढ्याने भागलं नाही तर मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य चिपांचे) ड्रायव्हर घाला. विंडोज 10 नवं असताना इंटेलच्या 'मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस' ड्रायव्हरच्या काही आवृत्त्यांनी कित्येक लॅपटॉपना नेमका हाच आजार लावला होता. उपाय होता जुनी आवृत्ती परत घालण्याचा.

आणि दुरुस्तीवाल्याला बोलवायचंच असेल तर त्याला सांगा, उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा) पेनड्राइव्ह घेऊन ये, त्यावरून मशीन सुरू कर आणि माझ्यासमोर बंद करून दाखव. तिथून व्यवस्थित बंद झालं तर दुखणं विंडोजचं. तिथूनही पंखा फिरत राहिला, तरच बायोस (मदरबोर्डातला मूळ प्रोग्राम), मदरबोर्ड आणि एसएमपीएसकडे बोट दाखवायचं. ही परीक्षा न करता कुणी सुट्या भागांचे पैसे मागत असेल, तर देऊ नका. फॉरमॅटला एकच बरं कारण मला दिसतं : विंडोज 10चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, त्यामुळे मशीन झेपणारं असेल तर विंडोज 11 घालून घेणं. पण तो विषय वेगळा.

आता यजमान बंद करतात त्या भिंतीवरच्या बटणाविषयी. चालू मशीनची वीज तोडली की फिरत्या डिस्कचं वाचणारं-लिहिणारं डोकं घाईघाईने मागे घ्यावं लागतं. डिस्क त्याची नोंदही ठेवते, 'पॉवर ऑफ रिट्रॅक्ट काउंट' या नावाने. फाइलींची मांडणी विंडोज बहुधा सावरून घेतं, पण अर्धवट लिहिली गेलेली फाइल गेली ती गेली. तेव्हा अडलंच तर पुढचं बटण दाबून धरून बंद करा, पंखा थांबू द्या, मग खुशाल भिंतीवरचं बटण बंद करा. तोही पंखा थांबवण्याचा जबरीचाच मार्ग आहे, म्हणून स्क्रीन काळी झाल्यावर निदान थोडा वेळ जाऊ द्या, मगच बटण दाबा. बंद झाल्यावर माउसचा लाल दिवा जळत राहिला तर ती तक्रार नव्हे. एसएमपीएस 5 व्होल्टचा एक पुरवठा कायम चालू ठेवतो, त्याचा तो दिवा.

घड्याळाचं उत्तरही त्यातच आहे. भिंतीवरचं बटण बंद असलं की घड्याळ सीआर 2032 या नाण्याएवढ्या सेलवर चालतं. तुमचा सेल बसलाय. चहा-वड्याच्या पैशात नवा येतो. बदलल्यावर तारीख-वेळ नीट लावा, नाहीतर बँकेची साइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडून बसेल.

प्रश्न : लॅपटॉपवर 'अपडेट अँड शट डाऊन' निवडून मी तो बॅगेत टाकते. हॉस्टेलवर पोचेपर्यंत तो तापलेला आणि चालू असतो. मी काही चुकीचं दाबते का?
— एक विद्यार्थिनी, अलिबाग

उत्तर : नाही. हा विंडोजमधलाच जुना दोष. अपडेटसाठी मधे एक रीस्टार्ट लागतो, त्यानंतर बंद व्हायचं विसरून मशीन लॉगिनच्या पडद्यावर येऊन बसायचं. विंडोज 11साठी मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2025च्या अखेरीच्या ऐच्छिक अपडेटमध्ये हे दुरुस्त केलं, तेव्हा आधी अपडेट पूर्ण घालून घे. निघायच्या घाईत अपडेट नकोच. साधं शटडाऊन कर, आणि दिवे विझल्याशिवाय चेन लावू नकोस.