४९ पैकी ४९, पण कोणाकोणाला हरवून?

मागच्या अंकात या सदरात आम्ही बॉक्सर रॉकी मार्सियानोचं नाव हेवीवेटच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटाच्या, सर्वकालीन पहिल्या पाचांत घेतलं होतं. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: विजय किती, यापेक्षा विजय कोणावर. हा अंक त्यासाठीच.

प्रश्न (उदगीर, जि. लातूर): मार्सियानोच्या ४९ लढती आणि ४९ विजय मान्य आहेत. पण त्याच्यासमोर आले तेव्हा जो लुई ३७ वर्षांचा, वॉलकॉट ३८ चा, आर्ची मूर चाळिशीला टेकलेला. उतरत्या वयाच्या माणसांना पाडून कोणी मोठा ठरतो का?

उत्तर: वयं तुम्ही बरोबर दिली आहेत. पण वय हा एकच आकडा धरला तर फसगत होते, कारण ही तिन्ही माणसं वेगवेगळ्या अवस्थेत मार्सियानोसमोर उभी राहिली.

लुईबाबत तुमचं म्हणणं पूर्ण खरं आहे. तो १९४९ मध्ये हेवीवेटचा विश्वकिताब सोडून निवृत्त झाला होता आणि आयकराच्या थकबाकीपायी परत उतरला. १९५० मध्ये एझार्ड चार्ल्सने त्याला हरवलं. त्यानंतर त्याने सलग ८ लढती जिंकल्या, त्या मुख्यतः डाव्या हाताच्या जॅबवर, म्हणजे सरळ, झटपट ठोशावर. उजव्या हाताची जुनी धार गेली होती. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत पाडलं. लुई वजनाने सुमारे २५ पौंडांनी जास्त होता, तरीही हा विजय नावापुरता मोठा आहे. आम्ही त्याला फार किंमत देत नाही.

वॉलकॉटचं तसं नाही. हा माणूस उशिरा पिकला. १९५१ च्या जुलैमध्ये, ३७ व्या वर्षी, त्याने चार्ल्सला एका डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) झोपवून किताब घेतला. म्हणजे मार्सियानोसमोर उतरला तेव्हा तो उतारावर नव्हता, राज्यावर होता. २३ सप्टेंबर १९५२ च्या फिलाडेल्फियातल्या लढतीत त्याने पहिल्याच फेरीत मार्सियानोला खाली बसवलं, आणि बाराव्या फेरीअखेर तिन्ही पंचांच्या कागदावर वॉलकॉटच पुढे होता. तेराव्या फेरीतल्या उजव्या हाताच्या एका आखूड ठोशाने निकाल फिरवला. गुणांवर हरत असलेला माणूस इतक्या उशिरा, इतक्या दमलेल्या अंगाने असा ठोसा काढतो, हे ३८ या आकड्यातून दिसत नाही.

चार्ल्सचं नाव तुम्ही घेतलंच नाही, आणि मार्सियानोच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. १९५४ मध्ये तो ३३ च्या आसपास होता. त्याआधी लाइट हेवीवेटला (हेवीवेटच्या खालच्या गटात) असताना त्याने आर्ची मूरला तीनदा हरवलं होतं. जूनमध्ये तो मार्सियानोशी १५ फेऱ्या पूर्ण लढला. सप्टेंबरच्या दुसऱ्या लढतीत त्याने सहाव्या फेरीत मार्सियानोचं नाक उभं फाडलं. अशा जखमेवर रेफ्री कधीही लढत थांबवू शकतो, आणि मग किताब गेलाच. मार्सियानोने पुढच्या दोन फेऱ्यांत काम संपवलं.

मूरच्या जन्मसालाबद्दलच वाद आहे, १९१३ की १९१६. पण त्याची पारख वयापेक्षा त्याच्या कामगिरीवरून करा. १९५५ मध्ये तो लाइट हेवीवेटचा चालू विश्वविजेता होता, आणि मार्सियानोआधी काही महिन्यांवर त्याने हेवीवेटचा दावेदार निनो वाल्देस याला हरवलं होतं. मार्सियानोला त्याने दुसऱ्या फेरीत खाली पाडलं आणि नवव्या फेरीत स्वतः संपला. तीन वर्षांनी, १९५८ मध्ये, इव्हॉन ड्युरेलविरुद्ध चार वेळा खाली जाऊन तो अकराव्या फेरीत जिंकला. हे संपलेल्या माणसाचं लक्षण नाही. उलट बाजूही मांडतो: १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये २१ वर्षांच्या फ्लॉइड पॅटरसनने याच मूरला पाच फेऱ्यांत संपवलं.

मार्सियानोच्या खात्यात खरी उणी बाजू वेगळीच आहे. किताब फक्त ६ वेळा राखला. त्यातला डॉन कॉकेल हा दर्जाने कमी होता. १९५३ मध्ये चार्ल्सला हरवणाऱ्या वाल्देसला संधी मिळाली नाही. आणि १९५० मध्ये रोलंड लास्टार्झाविरुद्धची लढत इतकी अटीतटीची होती की एखादी फेरी इकडची तिकडे झाली असती तर ४९-० हा आकडाच नसता. म्हणून आम्ही त्याला पाचांत ठेवतो, पण लुई आणि मुहम्मद अलीच्या खाली. लुईने किताब सलग २५ वेळा राखला. त्यातले काही प्रतिस्पर्धी कच्चे होते हे धरूनही तो आकडा मोठाच आहे.

प्रश्न (नांदेड): मग फ्लॉइड मेवेदरच्या ५०-० चं काय? पन्नासावा विजय तर बॉक्सिंगची एकही व्यावसायिक लढत न खेळलेल्या माणसावर आहे.

उत्तर: २०१७ ची मॅकग्रेगरविरुद्धची लढत नोंदीत राहू द्या, मूल्यमापनातून काढून टाका. उरलेल्या ४९ मध्ये भरपूर माल आहे.

सगळ्यात चोख विजय २००१ च्या जानेवारीतला. दिएगो कोरालेस तेव्हा अपराजित, उंच, जड हाताचा. मेवेदरने त्याला पाच वेळा पाडलं आणि दहाव्या फेरीत लढत संपली. वजनाची सवलत नाही, वयाचा फायदा नाही. दर्जेदार विजय म्हणतात तो हा.

२००२ च्या एप्रिलमध्ये होसे लुइस कास्तिजोविरुद्ध पंचांनी ११६-१११, ११५-१११, ११५-१११ असा कौल मेवेदरला दिला. तो कौल अनेक जाणकारांना तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. मात्र त्याच वर्षी मेवेदर पुन्हा त्याच्याशी लढला आणि जिंकला. वादग्रस्त विजयानंतर परतफेरीची लढत देणं हे विजेत्याच्या बाजूने मोजावं.

आता वजनाचा खेळ. २००९ मध्ये हुआन मान्युएल मार्केस हा लाइटवेटचा, म्हणजे १३५ पौंडांचा विजेता, वर चढून आला. ठरलेली मर्यादा १४४ पौंड. मार्केस १४२ भरला, मेवेदर १४६. मर्यादा मोडल्याबद्दल मेवेदरने ६ लाख डॉलर दंड भरला आणि लढत झाली. इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की वजन आदल्या दिवशी होतं. त्यानंतर पाणी आणि अन्न घेऊन मोठ्या चणीचा माणूस कित्येक पौंड परत भरतो. खालून चढून आलेल्याच्या हाडापेरात ती जागाच नसते. म्हणून काट्यावरचा ४ पौंडांचा फरक रिंगमध्ये त्याहून मोठा होऊ शकतो. २०१३ मध्ये कानेलो अल्वारेसला १५४ पौंडांच्या गटात १५२ वर उतरायला लावलं, तेही याच हिशेबातलं. पण कानेलो २३ वर्षांचा, अपराजित आणि अंगाने मोठा होता, आणि २०२१ मध्ये तो सुपर मिडलवेटचा (१६८ पौंड) निर्विवाद विजेता झाला. मेवेदरचा तो विजय काळाबरोबर वजनदार झाला आहे.

मॅनी पॅकियाओवरच्या विजयाचं मात्र उलट. बोलणी २००९ च्या अखेरीस सुरू झाली, उत्तेजकांसाठीच्या रक्तचाचणीच्या अटींवरून फिसकटली. लढत झाली २ मे २०१५ रोजी. मधल्या काळात, डिसेंबर २०१२ मध्ये, मार्केसच्या एका उजव्या ठोशाने पॅकियाओ तोंडावर पडला होता. मेवेदर ११८-११०, ११६-११२, ११६-११२ ने स्पष्ट जिंकला, पण हा पाच वर्षं उशिराचा विजय. उशीर कोणामुळे झाला यावर दोन्ही बाजूंचे चाहते भांडत राहतील. आमच्या हिशेबात दोघांचेही गुण कापले जातात.

प्रश्न (लोहा, जि. नांदेड): माळेगावच्या यात्रेत पंच दोन्ही पैलवान पाहून जोड लावतात. बॉक्सिंगमध्ये जोड कोण लावतं? विजेंदर सिंग १२-० होता, आणि तेरावी लढत एका अनोळखी माणसाने जिंकली. हे कसं?

उत्तर: फरक नेमका तिथेच आहे. फडावरच्या पंचाला कुस्ती तोडीस तोड हवी असते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जोड लावणारा मॅचमेकर बहुतेक वेळा लढत भरवणाऱ्या प्रवर्तकाच्या पगारावर असतो, आणि प्रवर्तकाचा पैसा एकाच बाजूच्या बॉक्सरवर लागलेला असतो. म्हणून नव्या बॉक्सरला पहिल्या दहाएक लढतींत सांभाळून माणसं देतात. आधी दोन-तीन लढतींचा अनुभव असलेले, मग भरपूर हरलेले पण सहसा न पडणारे जुने गडी, मग एखादा माजी विजेता. यात गैर काही नाही. चार फेऱ्यांचा दम दहा फेऱ्यांपर्यंत न्यायला असाच वेळ लागतो. गैर तेव्हा होतं, जेव्हा ही पायरी संपतच नाही.

विजेंदरचं खातं उघडून पाहा. ऑक्टोबर २०१५ मध्ये पदार्पण. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपविरुद्ध दहा फेऱ्या लढून त्याने डब्ल्यूबीओ या बॉक्सिंग संघटनेचा आशिया पॅसिफिक पट्टा घेतला. ती लढत खरी होती, त्यात दम तपासला गेला. पण तो प्रादेशिक पट्टा होता, जागतिक किताब नव्हे, आणि आपल्याकडे हा फरक बातम्यांत पुसला गेला. पुढच्या वर्षांत प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा त्या प्रमाणात चढला नाही. नोव्हेंबर २०१९ नंतर १६ महिने तो रिंगपासून दूर राहिला आणि मार्च २०२१ मध्ये, ३५ व्या वर्षी, गोव्यात आर्तिश लोपसानसमोर उतरला. लोपसानकडे फक्त ६ लढतींचा अनुभव होता, पण तो तरुण होता, बराच उंच होता आणि मागे सरणारा नव्हता. पाचव्या फेरीत निकाल लागला. लांब खंडानंतर आधी अंतराचा अंदाज जातो, ठोसा दिसतो पण मान वेळेवर हलत नाही. उंच माणसासमोर ते लगेच उघडं पडतं.

विजेंदरचं मोठेपण २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या ७५ किलो गटाच्या कांस्यपदकात आहे. तिथे प्रतिस्पर्धी सोडत ठरवते, मॅचमेकर नाही.

प्रश्न (अंबाजोगाई, जि. बीड): आम्ही मित्र यावर नेहमी वाद घालतो, शेवट आवाजावर होतो. एखाद्याची कारकीर्द तपासायची काही पद्धत सांगा.

उत्तर: पूर्ण नोंद घेऊन बसू नका. त्या बॉक्सरचे सगळ्यात मोठे दहा विजय कागदावर काढा. प्रत्येकासमोर प्रतिस्पर्ध्याचं त्या दिवशीचं वय, त्या दिवशीपर्यंतचे जय-पराजय, दोघांची वजनं आणि आधीच्या लढतीपासूनचा खंड लिहा. इंटरनेटवर नाव शोधलं की कारकिर्दीचा अंतिम आकडा आधी समोर येतो आणि तिथेच घोळ होतो. अलीने १९७४ मध्ये किन्शासात हरवलेला जॉर्ज फोरमन त्या दिवशी ४०-० होता, त्यात ३७ नॉकआउट. वाचायचा तो आकडा.

मग पुढचा रकाना: त्या लढतीनंतर दोन-तीन वर्षांत प्रतिस्पर्ध्याने काय केलं? हा रकाना बहुतेक जण भरतच नाहीत आणि सगळ्यात जास्त तोच सांगतो. नुसते आकडे कसे फसवतात त्याचं उदाहरण क्लीव्हलँड विल्यम्स. १९६६ मध्ये अलीने त्याला तिसऱ्या फेरीत उडवलं आणि ते चित्रण आजही अलीची सर्वोत्तम लढत म्हणून दाखवतात. पण १९६४ मध्ये विल्यम्सला पोलिसाची गोळी लागली होती आणि एक मूत्रपिंड गेलं होतं. अलीचे पाय त्या दिवशी अप्रतिम चालले हे खरं, प्रतिस्पर्धी मात्र निम्मा होता.

दुसऱ्या कागदावर टाळलेली किंवा राहून गेलेली नावं लिहा. तिसऱ्यावर पराभव, आणि परतफेरीत काय झालं ते. लुई १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगकडून हरला आणि १९३८ मध्ये त्याला पहिल्याच फेरीत संपवलं. असा पराभव आम्ही अपराजित राहण्यापेक्षा कमी मानत नाही.

प्रश्न (जालना): माइक टायसनने खऱ्या अर्थाने कोणाला हरवलं?

उत्तर: मायकल स्पिंक्स, ३१-०, १९८८ मध्ये ९१ सेकंदांत. टोनी टकर, तोही अपराजित, १९८७ मध्ये १२ फेऱ्या. लॅरी होम्स ३८ वर्षांचा आणि २१ महिने बसून होता, पण संपूर्ण कारकिर्दीत होम्सला ठरलेल्या फेऱ्या संपण्याआधी थांबवणारा टायसन एकटाच, आणि हाच होम्स १९९२ मध्ये तेव्हाचा विजेता इव्हँडर होलीफिल्डशी १२ फेऱ्या लढला. होलीफिल्ड आणि लेनॉक्स लुइसकडून टायसन हरला, हे खरंच. म्हणून शिखर उंच, पण अरुंद.

प्रश्न (परभणी): मेरी कोमच्या सुरुवातीच्या काळात महिला बॉक्सिंगमध्ये स्पर्धाच कमी होती, असं म्हणतात. तिच्या ६ विश्वविजेतेपदांचं मोल कमी करावं का?

उत्तर: पहिली महिला विश्वस्पर्धाच २००१ ची, त्यामुळे २००२ आणि २०१८ च्या पदकांमागची चुरस सारखी नव्हती. पण तिने दोन्ही काळांत जिंकलं, यातच उत्तर आलं. शिवाय लंडन २०१२ मध्ये महिलांसाठी तीनच वजनगट होते, सगळ्यात खालचा ५१ किलोचा. ४८ ची मेरी तिथे वर चढून लढली आणि हरली ती उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सकडून, जिने सुवर्ण नेलं. आमच्या मते ते कांस्य तिच्या काही सुवर्णांपेक्षा जड आहे.

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली): नोंदीत निकालापुढची अक्षरं कशी वाचायची?

उत्तर: केओ म्हणजे दहा मोजेपर्यंत उठला नाही. टीकेओ म्हणजे रेफ्रीने किंवा डॉक्टरने थांबवलं. आरटीडी म्हणजे दोन फेऱ्यांच्या मध्ये कोपऱ्यानेच (बॉक्सरच्या साथीदारांनी) माघार घेतली, जसं १९७५ मध्ये मनिलात अलीविरुद्ध चौदाव्या फेरीनंतर जो फ्रेझरच्या प्रशिक्षकाने केलं. गुणांवरच्या निकालात यूडी म्हणजे तिन्ही पंच एका बाजूला, एसडी म्हणजे दोन विरुद्ध एक, आणि एमडी म्हणजे दोघांचा कौल एकाला, तिसऱ्याकडे बरोबरी. मेवेदर–कानेलोसमोर एमडी दिसतं ते एका पंचाच्या ११४-११४ मुळे.